कणकुंबीच्या दरडीतली मुळं

जांबोटी मागं पडली आणि कणकुंबीचा चढ लागला, की पावसाळ्यात रस्त्याकडेची तांबडी दरड हिरवीगार झालेली दिसते. मलप्रभेच्या उगमाजवळच्या या ओल्या मातीत मॉस, सेलाजिनेला (नेच्यासारखी दिसणारी नाजूक, बिनफुलांची वनस्पती) आणि नेचे शेजारीशेजारी वाढतात. पानं तर सगळेच बघतात. आपण मुळं बघू.

मॉसला मूळ नसतंच. जांभ्याला धरून राहायला बारीक तंतू, म्हणजे मूलाभास, तेवढे असतात.

सेलाजिनेला हलक्या हातानं मोकळी करून धुऊन घेतली, की तिची खुबी कळते. मूळ वाढता वाढता त्याचं टोकच दुभंगतं. एकाची दोन, दोनाची चार. कडेनं फाटा फुटत नाही.

नेच्याचं तसं नाही. त्याचं टोक सरळ पुढं जातं आणि नवं मूळ मागं, जुन्या मुळाच्या आत जन्मतं. बाहेरचे थर फोडून ते मातीत उतरतं. नेच्यात त्याची सुरुवात अंतस्त्वचेत, म्हणजे मुळाच्या गाभ्याभोवतीच्या थरात, होते. तूर, आंबा, भात यांच्यात मुख्यतः तिच्या लगेच आतल्या थरात, म्हणजे परिरंभात.

शाळेत आपण सोटमूळ आणि तंतुमूळ शिकतो. तो फरक खराच, पण फार नंतरचा. खरी जुनी फाळणी या दरडीत दिसते. सेलाजिनेलाचं कूळ आणि नेचे व बियांच्या झाडांचं कूळ वेगळं झालं, तेव्हा खरं मूळ कुणाकडंच नव्हतं. दोघांनी ते आपापलं घडवलं. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनीजवळ सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा अ‍ॅस्टेरोझायलॉन या वनस्पतीचा जीवाश्म सापडतो. ती सेलाजिनेलाच्याच कुळातली. खऱ्या मुळाच्या टोकाला मूलटोपी, म्हणजे टोक जपणारं आवरण, असतं; तिच्या मातीत शिरणाऱ्या अवयवांच्या टोकांना ते नव्हतं, हे हेदरिंग्टन आणि डोलन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दाखवलं. मूळ टप्प्याटप्प्यानं घडत गेलं, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

खाली खानापूरच्या शिवारात रोपलावणी चालू असते. तरवा उपटताना मुळं तुटतात, तरी रोप सावरतं, कारण भाताला खोडाच्या पेरांतूनही नवी मुळं फुटतात. रताळ्याचा वेल तुकडे करून लावता येतो, तोही पेरांतल्या मुळांच्याच जोरावर. त्या मुळांनाही पुढं कडेनं फाटे फुटतात. मुळाच्या एकाच बाजूला ओल असेल, तर भात आणि मका त्याच बाजूला जास्त फाटे काढतात. फाटा कुठं काढायचा हे ठरवण्यात ऑक्सिन या संप्रेरकाचा मोठा वाटा असतो.