निस्क्वाली : बियाण्याचे मासे

[पहाट. नदीवर धुकं. अ‍ॅल्युमिनियमची छोटी होडी.]

अमेरिकेतलं वॉशिंग्टन. राजधानी नव्हे, पार पश्चिमेचं, कॅनडाला लागून असलेलं राज्य. माउंट रेनिअरच्या हिमनदीतून निघालेली निस्क्वाली नदी इथे प्युजेट साउंड नावाच्या समुद्राच्या फाट्याला मिळते. होडीतले दोघं निस्क्वाली जमातीचे. जाळं आपल्या कोळ्यांच्या वावरीच्या जातीचं. मासा डोकं घालतो, कल्ल्यांशी अडकतो, मागे फिरता येत नाही.

[चिनूक सोडवणारे हात. जवळून.]

हा चिनूक. इथल्या पाच जातींच्या सॅमनमधला सगळ्यात मोठा. आपल्याकडे मेन्यूकार्डावर ‘इंडियन सॅमन’ म्हणून येतो तो रावस. त्याचं याच्याशी काही नातं नाही. हा जन्मतो गोड्या पाण्यात, वाढतो समुद्रात आणि काही वर्षांनी अंडी घालायला आपल्याच नदीत परततो. अंडी घातली की मरतो.

घोळ आहे तो या प्रवासात. कॅनडाच्या पाण्यात त्याला कॅनडावाले धरतात. इकडे आला की ट्रॉलरवाले, म्हणजे चालत्या होडीमागे गळाच्या दोऱ्या ओढणारे, मग गळ टाकून बसलेले हौशी. इतक्यांच्या तावडीतून सुटेल तो नदीत शिरणार. म्हणजे नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस रांगेत शेवटचा. आणि मासे कमी दिसले की पहिली बंदी त्याच्यावर.

[करारपत्राची प्रत. शाईच्या फुल्या.]

या फुल्या नीट बघा. 26 डिसेंबर 1854, मेडिसिन क्रीक. गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्सने जमातींकडून जमीन लिहून घेतली. बोलणी झाली चिनूक जार्गन नावाच्या बाजारबोलीत, जिच्यात सगळे मिळून काही शे शब्द. त्या बोलीत जमिनीचा करार कसा समजावला असेल, कल्पना करा. पण एक गोष्ट जमातींनी सोडली नाही: नेहमीच्या जागी, इतर नागरिकांच्या बरोबरीने मासे धरण्याचा हक्क. हा हक्क सरकारने त्यांना दिलेला नाही. तो त्यांचाच होता, त्यांनी राखून ठेवला. आजही इथे कुणी ‘सवलत’ म्हटलं की जमातीची माणसं चिडतात, आणि बरोबरच आहे.

[कृष्णधवल चित्रफीत. पोलीस, होड्या, अश्रुधूर.]

पुढे राज्याने तोच हक्क गुन्हा ठरवला. निस्क्वाली जमातीचेच बिली फ्रँक ज्युनिअर, त्यांना 1945 साली याच नदीवर पहिल्यांदा पकडलं, तेव्हा ते 14 वर्षांचे होते. पुढे पन्नासहून जास्त वेळा अटक. ही दृश्यं सप्टेंबर 1970 ची, शेजारच्या पुयालप नदीवरची.

त्याच महिन्यात केंद्र सरकारने जमातींच्या वतीने राज्यावरच दावा लावला. 12 फेब्रुवारी 1974 ला न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला. कराराच्या काळात ‘बरोबरीने’ या शब्दाचा अर्थ काय होता, ते पाहायला त्यांनी 1828 चा वेब्स्टरचा शब्दकोश उघडला. अर्थ लावला तो असा: धरण्याजोग्या माशांपैकी निम्मे जमातींचे. नुसते मासे नाहीत, कारभारातही जमाती राज्याच्या जोडीला. 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल उचलून धरला.

[गोदी. चिमट्याने खवला काढणारी तरुणी.]

पण निम्मे कशाचे? सगळ्या माशांचे नाही. शेतकरी आधी बियाणं बाजूला काढतो, तसं आधी ठरतं की नदीत वर किती मासे पोचलेच पाहिजेत. त्यांना हात लावायचा नाही. उरतील त्यांचे दोन वाटे.

त्यासाठी मोजदाद. ही मुलगी जमातीच्या मत्स्य विभागाची. खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं असतात, त्यावरून वय कळतं. शेपटीजवळचा हा मांसल पर कापलेला दिसला का? म्हणजे मासा हॅचरीत, माणसांनी अंडी उबवून पिल्लं वाढवायच्या केंद्रात, जन्मलेला. आता हे यंत्र नाकाशी धरलं आणि वाजलं: आत जेमतेम मिलिमीटरभर लांबीची तार आहे, सांकेतिक आकडे कोरलेली. डोकं कापून पिशवीत, सोबत चिठ्ठी. प्रयोगशाळेत तार निघेल, मासा कुठल्या हॅचरीचा ते कळेल.

हे आकडे वसंत ऋतूत टेबलावर येतात. ओरेगनमधल्या केप फाल्कनच्या नावावरून या बोलण्यांना ‘नॉर्थ ऑफ फाल्कन’ म्हणतात. राज्य आणि जमाती समोरासमोर बसतात आणि हंगाम ठरतो, नदीनिहाय, दिवसनिहाय. बरेचदा हंगाम ठरवते ती सगळ्यात अशक्त नदी. बाकीच्या भरलेल्या असल्या तरी एकत्र पोहणाऱ्या थव्यातून तिचे मासे वेगळे काढता येत नाहीत. कॅनडाच्या वाट्यासाठी 1985 पासून दोन्ही देशांत वेगळा करार आहे. 2016 मध्ये बोलणी इतकी ताणली की मे उजाडला तरी हंगाम ठरेना. ती खोली बाहेरच्यांना बंद असते. आपण नदीवरच थांबू.

[रस्त्याखालचा पाईप. तोंडाशी धडकून मागे पडणारा मासा.]

रस्ते बांधणाऱ्यांनी असे पाईप टाकले आणि ओढे बंद झाले. जमाती पुन्हा न्यायालयात गेल्या. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात मतं 4-4 अशी पडली, खालचा निकाल कायम राहिला आणि पाईप बदलणं राज्याला भाग पडलं.

प्युजेट साउंडचा चिनूक 1999 पासून धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. अजून निघालेला नाही.

[पुन्हा होडी. एकाची नजर घड्याळावर.]

जाळं टाकायला ठरलेले तास असतात. आजचे संपले. दोघं दोर ओढायला लागतात. होडीपासून दहा हातांवर एक चिनूक पाण्याबाहेर उसळतो, मागोमाग दुसरा. दोघं बघतात, पण दोर ओढणं थांबत नाही.

[जाळं होडीत. नदी वाहते.]