फाबेरिअसची लाल ओसरी

श्रोते हो, नमस्कार.

पानाच्या डब्यातलं चुनाळं रात्रभर उघडं राहिलं, तर सकाळी चुन्यावर काय दिसतं? पातळ, कडक साय. बोटाने दाबली की मोडते. आज आपण इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पोम्पेई शहराच्या रोमन भिंतींकडे जाणार आहोत, आणि त्या भिंतींवरचे रंग टिकले ते याच सायीच्या जोरावर.

रोमन चित्रकार गिलावा ओला असतानाच त्यावर रंग चढवत. रंग पाण्यात कालवलेला; डिंक नाही, सरस नाही. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्याचा पुन्हा चुनखडीचा दगड होतो, आणि रंगाचे कण त्या दगडात अडकून बसतात. गिलावा ओला, रंग ओला. दोन्ही ओले, हे तेवढं ध्यानात असू द्या. अजिंठ्याचं तसं नाही. तिथे मातीचा गिलावा सुकल्यावर रंग चिकट पदार्थात कालवून लावलेत. तरी आपल्याकडे अजिंठ्याला सर्रास ‘फ्रेस्को’, म्हणजे ओल्या गिलाव्यावरचं चित्र, म्हणतात. म्हणू नये. ओल्या चुन्यावरचं काम आपल्याकडे बघायचंच असेल, तर गोव्यात आणि कोकणात जुन्या देवळांवरची कावी, म्हणजे लाल-पांढरी भित्तिचित्रं, बघावी. त्यातली काही देवळं अलीकडे चकचकीत ऑइल पेंटने रंगवलीत. असो, तो विषय काढला की माझा वेळ तिथेच संपतो.

गिलाव्याची कृती विट्रुव्हिअस नावाच्या रोमन स्थापत्यकाराने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहून ठेवली आहे. आधी एक ओबडधोबड लेप. त्यावर वाळू-चुन्याचे ३ थर. त्यावर संगमरवराच्या पुडीचे ३ थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा बारीक. मग घोटाई, इतकी की भिंतीत बघणाऱ्याचं प्रतिबिंब दिसावं. प्रत्यक्षात पोम्पेईच्या बहुतेक भिंतींना एवढे थर सापडत नाहीत, दोन-तीनवरच भागवलेलं असतं. ठेकेदार तेव्हाही ठेकेदारच होते. प्लिनी हा रोमन लेखक सांगतो, जुन्या काळी कायदाच होता की चुना भिजवून ३ वर्षं मुरल्याशिवाय ठेकेदाराने तो वापरायचा नाही. म्हणून त्या भिंतींना तडे गेले नाहीत, असं त्याचं म्हणणं. ३ वर्षं मुरलेला चुना! आपल्याकडे नव्या फ्लॅटच्या भिंतीला दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे येतात आणि बिल्डर म्हणतो, ‘हवाच दमट आहे हो.’

पोम्पेईच्या चित्रांच्या चार शैली आउगुस्ट माउ या जर्मन अभ्यासकाने १८८२ साली ठरवून दिल्या. परीक्षेला येतात. मला आज सांगायची आहे ती फाबेरिअसची गोष्ट.

हा फाबेरिअस रोममधला सरकारी कारकून. ज्यूलिअस सीझरच्या पदरी याच नावाचा एक चिटणीस होता. इसवी सनापूर्वी ४४ साली सीझरचा खून झाल्यावर सीझरचा साथीदार अँटनी याने या चिटणिसाला हाताशी धरून कागदपत्रांत सोयीच्या नोंदी घुसडल्या, असा आरोप झाला. हा तोच असावा, असं बरेच जण मानतात. तोच नसला, तरी कारकुनाचं घर आव्हेंतिन टेकडीवर, आणि चौकाभोवतीच्या ओसरीच्या सगळ्या भिंती हिंगुळाने लाल! पगारात बसतं का हे? नेमकं कसं बसतं ते आपल्याकडच्या श्रोत्यांना मी काय सांगू?

कारण हिंगूळ म्हणजे गेरू नव्हे. गेरू मातीमोल. हिंगूळ हा पाऱ्याचा खनिज रंग, स्पेनमधल्या सिसापोच्या खाणीतून यायचा. त्याचा भाव कायद्याने बांधून दिलेला होता, पौंडाला ७० सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी. रोमन पौंड म्हणजे आपला जेमतेम पाव किलो आणि वर थोडं. हा रंग ठेकेदाराने आणायचा नाही, मालकाने आणून द्यायचा, असंच करारात असे. आणि मालकाने आणला की रंगाऱ्यांची चंगळ. तेही प्लिनीनेच लिहिलंय. रंगारी हिंगुळाने भरलेला कुंचला घडीघडी पाण्यात धुवायचे. हिंगूळ जड, तो सगळा मडक्याच्या तळाशी बसायचा. संध्याकाळी पाणी ओतून दिलं की तळाचा माल रंगाऱ्याचा. मालक समोर उभा राहून बघतोय आणि म्हणतोय, वा, किती स्वच्छ काम करतात हो ही माणसं!

तर फाबेरिअसची ओसरी झाली. लालभडक. आल्यागेल्याला दाखवून झाली असेल. आणि ३० दिवसांत, बरं का, फक्त ३० दिवसांत, त्या भिंती काळवंडल्या. सगळीकडे सारख्या नाही. इथे डाग, तिथे डाग, एखाद्याला नायटा व्हावा तशा.

विट्रुव्हिअस म्हणतो, हिंगूळ बंद खोलीत टिकतो. उघड्यावर, जिथे सूर्याचा आणि चंद्राचा प्रकाश पोचतो तिथे, तो काळा पडतो. यातला चंद्र सोडून द्या, सूर्य मात्र खरा. पोम्पेईजवळच्या व्हिला सोराच्या काळवंडलेल्या भिंतीचे कण फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, तपासले, तेव्हा काळ्या भागात क्लोरीनची, म्हणजे मिठात असतो त्या घटकाची, संयुगं निघाली. उन्हाच्या जोडीला मीठ लागतं म्हणायचं.

उपायही होता. भिंत वाळल्यावर मेण थोड्या तेलात वितळवून कुंचल्याने लावायचं. मग लोखंडी भांड्यातले निखारे भिंतीजवळ फिरवून ते मेण घामासारखं पाझरू द्यायचं, आणि शेवटी मेणबत्ती व स्वच्छ तागाच्या फडक्याने घासायचं. संगमरवरी पुतळ्यांना तेव्हा असंच मेण चढवीत. घरी कुणी हिंगूळ लावणार नाही हे मला माहीत आहे, पण ‘हायलाइट वॉल’ म्हणून उन्हाच्या भिंतीवर गडद लाल रंग काढणाऱ्यांनी निदान महिनाभर पाहुणे बोलावू नयेत.

फाबेरिअसने हे मेण लावलं नव्हतं. त्याला दुसऱ्या रंगांचा नवा ठेका द्यावा लागला, एवढं विट्रुव्हिअस सांगतो. रंग कोणते, ते त्याने लिहिलेलं नाही. माझी पैज गेरूवर. नमस्कार.