रकान्याची रुंदी मोजायची कशानं?

टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, फाइलींची यादी दाखवणारं छोटंसं टूल लिहायला बसलात, तर डिरेक्टरी (फोल्डर) वाचण्याचा भाग तासाभरात उरकतो. घाम काढतात ते रकाने.

मी पहिल्यांदा सरळ टॅब टाकून मोकळा झालो होतो. टॅब दर आठ घरांवर थांबतो; घर म्हणजे एका अक्षराची जागा. सात अक्षरांच्या नावानंतर पुढचा रकाना आठ घरं सोडून सुरू होतो, आठ अक्षरांच्या नावानंतर थेट सोळा सोडून. यादी दात पडल्यासारखी दिसायची.

मग दोन फेऱ्यांवर आलो. पहिल्या फेरीत प्रत्येक रकान्यातली सर्वांत रुंद नोंद शोधायची, दुसरीत तेवढी जागा धरून छापायचं. मेख अशी, की शेवटची फाइल वाचून होईपर्यंत पहिली ओळही छापता येत नाही.

आकडे उजवीकडे टेकवायचे, म्हणजे एककाखाली एकक येतं आणि मोठी फाइल लगेच नजरेत भरते. नाव मात्र शेवटी. त्याच्या लांबीचा काही भरवसा नसतो. शेवटी ठेवलं की पुढे स्पेस भरायचा प्रश्नच मिटतो. युनिक्समध्ये फाइलींची यादी देणाऱ्या 'एलएस' कमांडच्या लांब यादीत तेच केलंय. तारखेची युक्ती तर मला फार आवडते. गेल्या सहा महिन्यांतल्या फाइलीला वेळ, त्याहून जुनीला वर्ष. '१०:३०' ला पाच घरं लागतात, आणि '२०१९' लाही आधीची एक जादा स्पेस धरून पाचच. रकाना जागचा हलत नाही!

माझ्या टूलमध्ये नाव तेव्हा अजून पहिल्याच रकान्यात होतं, तरी ते महिनाभर गुण्यागोविंदानं चाललं. मग कुणीतरी फाइलीला 'पुस्तक' असं नाव दिलं आणि ती ओळ डावीकडे घसरली. हा शब्द यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, १८ बाइटचा. कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधली स्वतंत्र चिन्हं, ६: प, उकार, स, हलन्त, त, क. टर्मिनलच्या हिशेबात उकार आणि हलन्त शून्य घरांचे, म्हणजे उरली ४ घरं. लांबी विचारली तर सी भाषेतलं 'एसटीआरलेन' फंक्शन १८ म्हणतं, पायथॉनचं 'लेन' ६, आणि प्रत्येक चिन्हाची घरं सांगणारं 'डब्ल्यूसीविड्थ' वापरून बेरीज केली तर ४. मी छपाई करणाऱ्या 'प्रिंटएफ'ला नावासाठी २० ची रुंदी दिली होती. त्यानं बाइट मोजले आणि दोनच स्पेस घातल्या. हव्या होत्या सोळा. तरी जोडाक्षर प्रत्येक टर्मिनल आपापल्या मर्जीनं काढतं, तिथे मी हात टेकले.

रंगांचं दुखणंही याच जातीचं. डिरेक्टरी निळी करणारा कोड आठ बाइटचा, रंग पुसणारा चार. दिसत एकही नाही, मोजले सगळे जातात. म्हणून रुंदी उघड्या नावाची घ्या, आणि स्पेस रंग पुसल्यानंतर घाला. आधी घातल्या, तर पार्श्वभूमीला रंग असला की तो रिकाम्या जागेवरही पसरतो.

आणि आउटपुट पाइपमध्ये, म्हणजे पडद्याऐवजी दुसऱ्या प्रोग्रॅमकडे, जात असेल तर यातलं काहीच करू नका. समोर टर्मिनल आहे का, ते 'इझएटीटीवाय' फंक्शननं विचारून घ्या. नसेल तर एका ओळीत एक नाव, बस्स.