हंटर्स ग्लेनमधला शिकारी कुठे गेला?

नमस्कार श्रोतेहो.

न्यू जर्सीत कुठल्याही मराठी घरी जेवायला जा, चारातला एक जण तरी प्लेन्सबरोत राहून गेलेला निघतोच. त्या अपार्टमेंटांची नावं आठवताहेत? फॉक्स रन, हंटर्स ग्लेन, फेझंट हॉलो, क्वेल रिज, डिअर क्रीक. कोल्हा, शिकारी, फेझंट पक्षी, लावा, हरिण, सगळे हजर. बँकेच्या फॉर्मवर आपण हे पत्ते शंभरदा लिहिले, पण त्यातला शिकारी गेला कुठे, असं कुणी विचारलं नाही. लाँड्रीसाठी क्वार्टर जमवण्यातच दिवस जायचे तेव्हा.

आज त्याच्याविषयी बोलणार आहे. आधीच सांगते, मी बंदूक कधी हातात धरलेली नाही आणि आमच्या घरी श्रावण पाळतात. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळजवळ बंद झाली. त्यामुळे शिकारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक तर मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभे असलेले संस्थानिक येतात, नाहीतर कोर्टातला आरोपी. इथला शिकारी या दोन्हींतला नाही. तो प्लंबर असतो, नाहीतर आपल्या मुलांच्या शाळेची बस चालवत असतो. साडेसत्तावीस डॉलर भरून बंदुकीच्या शिकारीचं लायसन्स काढतो आणि डिसेंबरातल्या सहा दिवसांच्या हंगामासाठी वर्षभर रजा साठवून ठेवतो.

त्याच्याकडे स्वतःची जमीन बहुधा नसायची. मध्य जर्सीत मका आणि सोयाबीन लावणारे शेतकरी होते, अजूनही थोडे आहेत. हरणं पीक खायची, म्हणून शेतकऱ्याला शिकारी हवाच असायचा. सगळा व्यवहार तोंडी. नाताळात एक बाटली, मोडलेलं कुंपण उभं करायला दोन हात, आणि मारलेल्या हरणाचं थोडं मटण. बाप शिकार करायचा त्या रानात मुलगा जायचा आणि कागद कुणीच करायचं नाही. मग शेतकरी थकतो, त्याची मुलं शिकून फिलाडेल्फियाला किंवा कॅलिफोर्नियाला गेलेली असतात, आणि एक दिवस बांधावर गुलाबी फिती बांधलेल्या सर्व्हेच्या खुंट्या दिसतात. प्लेन्सबरोतच वॉकर-गॉर्डन नावाची डेअरी होती. १९३० साली तिथं फिरत्या चकतीवर गाई उभ्या करून दूध काढायचं यंत्र बसवलं होतं आणि ते बघायला लांबून लोक यायचे. बोर्डेन कंपनीच्या जाहिरातीतली एल्सी गाय याच गोठ्यात असायची. १९७१मध्ये डेअरी बंद झाली. आता तिथं घरं आहेत, आणि त्यातल्या काहींच्या दारावर गणपतीची टाइलही आहे.

आता एक गंमत ऐका, म्हणजे शिकाऱ्याच्या दृष्टीनं गंमत नाही. आपल्याला वाटतं, जंगल तोडलं म्हणून शिकार संपली. प्रत्यक्षात एकही झाड न तोडता ती संपते. न्यू जर्सीचा कायदा सांगतो की कुणाच्या राहत्या घरापासून ४५० फुटांच्या आत, घरमालकाच्या लेखी परवानगीशिवाय, भरलेली बंदूक घेऊन शिकारीला फिरायचं नाही. नियम योग्यच आहे, माझा नातू ज्या झोपाळ्यावर बसतो त्याच्या आसपास मलाही छर्रे नकोत. पण कागद-पेन्सिल घेऊन हिशोब करा. ४५० फूट त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे साडेचौदा एकरांहून जास्त जागा. एक घर बांधलं की एवढी जमीन शिकारीतून बाद. शंभर एकरांच्या शेतात सात-आठ घरं नीट पसरून उभी राहिली, तरी बरंचसं रान जागच्या जागी राहतं आणि शिकारी मात्र जवळजवळ बाहेर पडतो.

म्हणूनच माझं म्हणणं असं की शिकाऱ्याची जमीन घरांच्या संख्येनं तितकी गेली नाही, जितकी ती घरांच्या पसरण्यानं गेली. तीन-तीन एकरांच्या प्लॉटवर एकेक घर, हे आपल्याकडे प्रतिष्ठेचं लक्षण. शंभर एकरांत अशी तेहतीस घरं बसतात आणि बंदूक चालवायला वितभर जागा उरत नाही. तीच तेहतीस घरं एका कोपऱ्यातल्या वीस एकरांत बांधली, तर साडेचारशे फुटांचा पट्टा सोडूनही निम्म्याहून अधिक रान मोकळं राहतं. बिल्डरला शिव्या देणं सोपं असतं. पण कितीतरी गावांनी मोठ्या प्लॉटांचा नियम स्वतःच करून ठेवला, गावाचं गावपण टिकावं म्हणून. त्यात गरिबाला घर परवडेना, तेव्हा १९७५ साली राज्याच्या सुप्रीम कोर्टाला माउंट लॉरेलच्या खटल्यात सांगावं लागलं की प्रत्येक वाढत्या गावानं परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलला पाहिजे. आता गावच्या मीटिंगमध्ये शेतं गेल्याचं खापर त्या निकालावर फोडणारे उठून उभे राहतात. ते स्वतः तीन एकरांत राहत असतात.

शिकारी गेला, पण हरिण गेलं नाही. हे तुम्हाला मी सांगायला नको. मेथीचा वाफा रात्रीत साफ होतो, भेंडीचे नुसते दांडे उरतात, ट्यूलिप तर उमलूच देत नाहीत. पांढऱ्या शेपटीच्या या हरणाला दाट जंगलापेक्षा झाडी आणि हिरवळ जिथं भेटतात ती कड आवडते, आणि आपल्या डेव्हलपमेंटांमध्ये अशा कडाच कडा असतात. लांडगा इथून केव्हाच संपला. शिकारी साडेचारशे फुटांच्या पलीकडे. मग त्याला मोटारीशिवाय भिणार कोण? नोव्हेंबरात, त्यांच्या माजाच्या दिवसांत, संध्याकाळी गाडी जपून चालवा, एवढं मी दरवर्षी सांगतेच.

आणि गोचीड. लाइम हा आजार १९७५ साली कनेटिकटमधल्या लाइम गावामुळे ओळखीचा झाला. त्याचा जंतू गोचिडाला मुख्यतः उंदरांकडून मिळतो, हरणाकडून नाही. पण मोठी झालेली गोचीड रक्त पिते आणि जोडीदार गाठते ती हरणाच्या अंगावर. बागेतून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट बघा. खसखशीच्या दाण्याएवढं पिल्लू असतं, चष्मा लावल्याशिवाय दिसत नाही.

शिकाऱ्याला मी देव करत नाहीये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू जर्सीत हरणं जवळजवळ संपली होती, आणि ती बंदुकीनंच संपवली होती. मटण-कातडं विकण्यासाठी बेसुमार शिकार व्हायची. मग कायदे आले, हंगाम ठरले, बाहेरून हरणं आणून सोडली. १९३७मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला, त्यानं बंदुका आणि काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. आजही रायफल, शॉटगन आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो आणि तो पैसा तिकडे जातो. बदकं मारणाऱ्याला १९३४पासून वेगळा स्टॅम्प घ्यावा लागतो, आता तो २५ डॉलरला पडतो, आणि त्यातून पाणथळ जमिनी राखल्या जातात. आपण रविवारी असनपिंकच्या तळ्यावर डबा घेऊन जातो ना, ते राज्याचं वन्यजीव क्षेत्र आहे, सहा हजार एकरांहून मोठं. ते सांभाळायच्या खर्चात शिकाऱ्यांच्या लायसन्सचा वाटा मोठा आहे. आपला वाटा विचाराल तर बटाटेवड्याचे कागद उचलून आणतो तेवढा.

शेतं गेल्यावर शिकारी असनपिंकसारख्या ठिकाणीच गोळा होतात. हंगामात शनिवारी पहाटे गाड्यांची रांग लागते. हॅकेट्सटाउनजवळच्या सरकारी केंद्रात वाढवलेले फेझंट आणून सोडलेले असतात आणि प्रत्येकाच्या अंगावर तोच भगभगीत नारिंगी अंगरखा. ज्यानं चाळीस वर्षं एका शेतातल्या एकाच ओढ्याकाठी एकट्यानं पहाट काढली, त्याला हे कसं लागत असेल याची कल्पना करा. कुणी पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत जातात, कुणी पैसे भरून जमीन भाड्यानं घेतात. बरेचसे सोडून देतात.

मग गावाला हरणं आवरेनात. प्रिन्स्टननं दोन हजार सालानंतर पैसे मोजून नेमबाज बोलावले, त्यावरून बरेच वादही झाले. म्हणजे पूर्वी हरिण मारायला माणूस लायसन्सचे पैसे भरायचा, आता ते मारायला गाव पैसे भरतं. दुसरा मार्ग धनुष्यबाणाचा. २०१०मध्ये कायदा बदलला आणि हरणाच्या शिकारीत धनुष्यासाठीचं अंतर ४५० वरून १५० फुटांवर आलं. मात्र घराच्या इतकं जवळ आलं की झाडावरच्या मचाणावर बसून खालीच बाण सोडायचा, म्हणजे चुकला तरी जमिनीत रुतेल. पुन्हा पेन्सिल घ्या. १५० फुटांचं वर्तुळ दीड एकराहून थोडंसंच मोठं आहे. साडेचौदा आणि दीड, फरक लक्षात येतोय ना? बंदुकीनं गमावलेली जमीन धनुष्याला थोडी परत मिळते.

आमच्या घरामागे टाउनशिपच्या मालकीची झाडीची पट्टी आहे. तिथल्या एका ओकला लाकडी पायऱ्या ठोकलेल्या आहेत, आठ-दहा असतील. खिळ्यांभोवती साल वाढून त्यांची डोकी गिळून टाकली आहेत. वरच्या फांदीत मचाणाच्या दोन फळ्या अजून अडकलेल्या दिसतात. तिथं बसलं तर पूर्वी मक्याचं शेत दिसत असणार. आता आमच्या डेकवरची बार्बेक्यूची शेगडी दिसेल.

गेल्या हिवाळ्यात टाउनशिपनं या पट्टीत धनुष्यानं शिकार करू द्यायचं ठरवलं. पट्टी अरुंद आहे, आमची घरं दीडशे फुटांच्या आत येतात, म्हणून लेखी परवानगी लागते. एक वयस्कर गृहस्थ फॉर्म घेऊन दारोदार हिंडले. टोपी काढून, पायरीवर उभे राहून बोलायचे. कुठल्या दिवशी येणार, गाडी कुठे लावणार, जखमी हरिण कुणाच्या बॅकयार्डात शिरलं तर आधी बेल वाजवणार, सगळं त्यांनी सांगितलं. नको असलेलं मटण फूड बँकेला जातं म्हणाले. आमच्या रांगेतल्या अर्ध्या घरांनी दारच उघडलं नाही. आम्ही उघडलं आणि फॉर्म ठेवून घेतला.

अजून तो फ्रिजवरच आहे. आमच्या घरात एकमत नाही. ह्यांचं म्हणणं, आपल्या दारात जीवहत्या कशाला. मी म्हटलं, गेल्या वर्षी आपल्या गाडीखाली आलेलं हरिण रस्त्याकडेला तासभर तडफडत होतं, ती काय होती मग? त्यावर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. सप्टेंबरात धनुष्याचा हंगाम सुरू होतो, त्याआधी मी माझी सही करून देणार आहे. घर दोघांच्या नावावर आहे, तेव्हा दुसरी सही ह्यांची लागेल. ती मिळवायचं काम चालू आहे.

नमस्कार.