शेवटचा फर्मा

श्रोतेहो, नमस्कार.

"पूर्वी खूप वाचायचो हो, आता होत नाही." हे वाक्य ठाण्यात कुठेही ऐकायला मिळतं. राम मारुती रोडवर आकाशकंदील घेताना, गडकरी रंगायतनला मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत, तलावपाळीवर फिरताना. आणि सांगणाऱ्याच्या आवाजात दुःख असतं म्हणावं, तर तेही नसतं. गुडघे दुखतात हे जसं सांगतात, तसं सांगतात. दिवाळीच्या सुट्टीत हे वाचन पुन्हा सुरू कसं करावं, यावर मी आज बोलणार आहे. खरं तर मला एक गोष्टच सांगायची आहे, पण आधी थोडं विषयाचं बोलते, नाहीतर कार्यक्रमाचे निर्माते काचेपलीकडून हातवारे करतील.

मी राहते ठाण्यात आणि नोकरी वाशीला. ठाणे-वाशी लोकल २००४ साली सुरू झाली, तेव्हापासून मी तिची प्रवासी. सुरुवातीला डब्यात पुस्तकं दिसायची. जाड कादंबऱ्या, पोथ्या, वर्तमानपत्राची घडी घालून केलेलं कोडं. ऐरोली, रबाळे, घणसोली कधी गेलं कळायचं नाही. पुढे सगळ्यांच्या हातात फोन आले, माझ्याही आले. मी काही फोनला शिव्या देणार नाही. व्यासपीठावर फोनला शिव्या देणारे वक्ते स्वतःचं भाषण फोनवरूनच वाचतात, हे मी पाहिलंय.

आणि आपण ठाणेकर! मुंबईहून निघालेली पहिली आगगाडी १८५३ साली ठाण्याला आली, हे आपण पाहुण्यांना दर वेळी सांगतो. पण १ जून १८९३ला इथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालं, हे किती जण सांगतात? वि. ल. भावे, ज्यांनी जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला, ते त्याचे एक संस्थापक. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ला निघालं. म्हणजे या बाबतीत ठाणं मुंबईच्या पुढे होतं. हे पुन्हा सांगते, कारण असं म्हणायची संधी फार वेळा येत नाही: या बाबतीत ठाणं मुंबईच्या पुढे होतं. आणि संस्था आजही सुरू आहे, स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर.

आता एक तक्रार, विषयाला सोडून. हल्लीच्या फ्लॅटमध्ये चपलांना कपाट असतं, टीव्हीला अख्खी भिंत असते, वॉशिंग मशीनला नळ काढून ठेवलेला असतो, आणि पुस्तकांना जागा कुठे, तर बेडच्या खालच्या खणात, लोकरीच्या स्वेटरांबरोबर. आमच्या नौपाड्यात जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या, तेव्हा माळ्यावरून निघालेली पुस्तकं किलोवर गेली. नवीन घरात माळाच नाही म्हणे. बरं, असो.

तर गोष्ट.

माझ्या सासूबाई एका लहानशा वाचनालयाच्या सभासद आहेत. नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल. सरकारदरबारी वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, त्यात हे शेवटून जवळचं. दोन खोल्या, लोखंडी कपाटं, एक टेबल आणि टेबलामागे एक काका. त्या दिवाळीत सासूबाईंचा गुडघा धरला होता, जिना उतरवेना. म्हणून पुस्तक बदलून आणायचं काम माझ्याकडे आलं. "काहीही आण," म्हणाल्या, "फक्त रडकं नको. आणि अध्यात्म नको, त्याला अजून वेळ आहे."

मी एक रहस्यकादंबरी उचलली. जुनी, रेक्झिनच्या बांधणीतली. कोकणातला वाडा, मुसळधार पाऊस, पूल वाहून गेलेला, वाड्याच्या मालकाचा खून आणि आत अडकलेली माणसं: एक डॉक्टर, एक वकील, पुतण्या, आणि मामी. सासूबाई घरातल्या दुसऱ्या एका पुस्तकाचा शेवट वाचत होत्या, म्हणून मी सहज चाळायला घेतली. पाडव्याच्या रात्री निम्मी झाली. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. माझा भाऊ मीरा रोडहून यायचा होता आणि तो घोडबंदर रोडला अडकला. त्या ट्रॅफिकला मी जन्मात पहिल्यांदा दुवा दिला. "गायमुखला अडकलोय," असा फोन आला तेव्हा सगळा संशय वकिलावर होता. कासारवडवलीला पोचला तेव्हा डॉक्टरांनी औषधाची बाटली लपवली होती. "कापूरबावडी आली, ताई, पाचच मिनिटं," म्हणाला, तेव्हा मी होते पान १९२ वर. सगळे दिवाणखान्यात जमलेत. इन्स्पेक्टर कंदील वर धरतो आणि म्हणतो, "म्हणजे, तुम्हीच –"

पान उलटलं, तर पुठ्ठा.

पुढे काही नाही! पानं फाटल्याची खूणही नाही. भाऊ दारात उभा, हातात मिठाईचा बॉक्स, आणि मी त्याला विचारतेय, "तुम्हीच म्हणजे कोण?"

ओवाळणी झाल्यावर नीट पाहिलं. पुठ्ठ्याच्या आतल्या कोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. वेगवेगळ्या हातांचं, वेगवेगळ्या काळातलं. सगळ्यात वर, बारीक सुबक अक्षरात: "खुनी डॉक्टर." त्याखाली दुसरं अक्षर: "अशक्य. वकील." त्याखाली घाईघाईत: "पुतण्याला पैशाची गरज होती, हे कोणी लक्षात घेतलेले नाही." मग ठसठशीत, जवळजवळ मास्तरी अक्षरात: "वरील तिन्ही वाचकांनी पान १४० पुन्हा वाचावे." आणि सगळ्यात खाली एकच शब्द: "छत्री!!"

वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये, हे मलाही मान्य आहे. बॉलपेनने लिहिणाऱ्याला तर दंड हवाच. पण पेन्सिलीला मी माफ करते.

मी १४० काढलं. मामी देवळातून परत येते, पावसाला शिव्या देते, छत्री कोपऱ्यात ठेवते आणि इन्स्पेक्टर त्याच छत्रीवर हात ठेवून उभा राहतो. हात पुसत नाही. म्हणजे छत्री कोरडी! मामी देवळात गेलीच नव्हती! श्रोतेहो, ते वाक्य मी आधी वाचलं होतं आणि पुढे गेले होते. पेन्सिलवाल्याला दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधी मी दारात. काका म्हणाले, "शेवटचा फर्मा नाही त्यात." फर्मा म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. छपाईचा मोठा कागद घड्या घालून सोळा पानांचा होतो, तो एक फर्मा. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक. बारा फर्म्यांची १९२ पानं आमच्याकडे होती, तेरावा गायब. बांधणी ढिली झाली की पहिला आणि शेवटचा फर्मा आधी सुटतो, पुठ्ठ्याचा ताण त्यांच्यावर येतो ना. मग पुस्तक पुन्हा बांधायला जातं, आणि बांधणारा हातात असेल तेवढं शिवून, कडा कातरून, छान रेक्झिन चढवून देतो. त्याला काय माहीत खून कोणी केला.

"मग असं पुस्तक ठेवता कशाला?" मी विचारलं.

काका म्हणाले, "मागणी आहे."

पुस्तक घरी परत आलं आणि सासूबाईंनी वाचलं. मी ओठ मिटून. त्यांनी शेवटचं पान मिटलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मामी. पहिल्यापासून मला ती आवडली नव्हती." मग तिसऱ्या मजल्यावरचे काका गुडघ्याची विचारपूस करायला आले, ते पुस्तक घेऊन गेले. ते निवृत्त ऑडिटर. त्यांनी घटनांच्या वेळांचा तक्ता करून आणला आणि डॉक्टर दोषी ठरवले. शेजारच्या वहिनींचं मत पुतण्या. त्यांच्या कॉलेजातल्या मुलीने, जी मराठी पुस्तक हातात धरत नाही अशी वहिनींची कायमची तक्रार, तिने एका दुपारी वाचून संपवलं आणि सांगितलं, "इन्स्पेक्टर. कोणालाच तो आधीपासून माहीत नव्हता." आम्ही सगळे गप्प. हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडे फराळाच्या ताटाभोवती संध्याकाळी रोज ही चर्चा. बाहेर फटाके, आत छत्री. जाता जाता सांगते, विकतच्या चकल्या कितीही खुसखुशीत असू देत, भाजणीचा वास त्यांना नसतो. तर ते राहू दे.

शेवट आला डोंबिवलीहून. माझी नणंद तिथे राहते. तिच्या वाचनालयात तीच कादंबरी, पूर्ण, निघाली. तिने शेवटच्या सोळा पानांचे फोटो काढून पाठवले. सगळी इमारत आमच्या हॉलमध्ये. सासूबाई म्हणाल्या, "मला वाचून दाखवू नका, मामीच आहे," आणि आतल्या खोलीत दार उघडं ठेवून बसल्या. मी वाचायला लागले.

खुनी निघाला वकिलाचा जुळा भाऊ! जुळा भाऊ! तो आधीच्या १९२ पानांत कुठेही नाही. पान १९५ वर पहिल्यांदा येतो, नागपूरहून. २०३ वर गुन्हा कबूल करतो. आणि छत्री कोरडी का होती, याचा लेखकाने शेवटपर्यंत खुलासा केलेला नाही. ऑडिटर काका एवढे चिडले, म्हणाले, "हे हिशेबात बसत नाही, मी सही करणार नाही." आतून सासूबाईंचा आवाज आला, "लेखकाला कळलं नाही. मामीच होती."

मी त्या पानांचे प्रिंट काढले आणि वाचनालयात नेले. म्हटलं, काका, हे चिकटवून टाका, पुस्तक पूर्ण होईल. काकांनी उभ्याउभ्या सगळं वाचलं, घडी घातली, मला परत दिलं आणि म्हणाले, "नको. मग हे पुस्तक कोणी नेणार नाही."

ही माझी आवडती गोष्ट. आता थोडक्यात, त्यानंतर काय झालं. आमच्या इमारतीतून वाचनालयाला नवे सभासद मिळाले. त्या मुलीने पुढचं पुस्तक स्वतः जाऊन आणलं. आणि सुट्टी संपल्यावर वाशी लोकलमध्ये माझ्या पर्समधून पुस्तक निघालं. फोन पर्समध्येच असतो, तळाशी. त्याच्यावर पुस्तक ठेवते, म्हणजे हात आधी पुस्तकाला लागतो. एवढीच युक्ती.

मला सांगायचं आहे ते हे: सुट्टीत वाचायला बसाल तर आपल्याला ओढून नेईल असं पुस्तक घ्या. थोर पुस्तक नको, ओढणारं घ्या. होतं काय, वाचन सुरू करायचं म्हटलं की माणूस थेट पाचशे पानांचं, पुरस्कार मिळालेलं, भेट आलेलं पुस्तक काढतो आणि सतराव्या पानावर त्याला झोप लागते. भेटीवरून आठवलं, हल्ली समारंभात पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक देतात. कल्पना चांगली. पण देणाऱ्याने ते वाचलेलं नसतं आणि घेणारा ते पुढच्या समारंभात देतो. निदान पुष्पगुच्छ दोन दिवसांत सुकायचा तरी! रहस्यकथांना आपल्याकडे नाक मुरडतात. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. आज भारदस्त बोलणाऱ्या कितीतरी ज्येष्ठांनी त्या लहानपणी अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचल्यात. तिथूनच ते पुढे गेले. म्हणून पुन्हा सांगते, ओढणारं घ्या. आणि नाही ओढलं, तर पन्नासाव्या पानावर बंद करा, बदलून आणा. कोणी परीक्षा घेणार नाही.

दुसरं, दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथपासून ही परंपरा धरतात. अंकाचा फायदा असा की कथा आवडली नाही तर चार पानांवर दुसरी असते. अनेक वाचनालयं दिवाळी अंकांची वेगळी योजना काढतात. एकदा ठरलेली रक्कम भरायची आणि पुढचे काही महिने अंक बदलून न्यायचे. नवीन सभासद व्हायचं असेल तर बहुतेक ठिकाणी राहत्या पत्त्याचा पुरावा, फोटो, अनामत आणि वर्गणी लागते. अनामत सभासदत्व सोडताना परत मिळते, पावती मात्र जपून ठेवा. मागणी असलेले अंक पहिल्या आठवड्यातच बाहेर जातात, तेव्हा हवा असेल त्या अंकासाठी टेबलावर आजच नाव सांगून ठेवा. आमच्या काकांकडे वशिला चालत नाही. फराळाचा डबा चालतो असं ऑडिटर काका म्हणतात, पण त्यांचा तक्ता एकदा चुकलेला आहे.

नमस्कार.