चपलांचा बिल्ला आणि कुकी

नमस्कार श्रोतेहो. ठाण्याहून वाशीकडे, पनवेलकडे निघालेल्या मंडळींना खास नमस्कार. कानात इयरफोन घालून गाडीच्या दारात उभे असाल तर आधी आत सरका, मग ऐका.

आजचा विषय कुकी. खायची नव्हे. खायचीच झाली तर नानकटाई खावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तीही चहात न बुडवता. असो. बोलायचंय ते वेबसाईटवाल्या कुकीबद्दल. साईट उघडली की खालून पट्टी वर येते, ‘आम्ही कुकीज वापरतो’. काहींना वाटतं, हो म्हटलं की फोनमध्ये हेर शिरला. काही जण रोज रात्री कुकीज पुसतात आणि फोन धुऊन निघाला म्हणून निवांत झोपतात. दोघांचंही चुकतंय, आणि दुसऱ्यांचं जास्त महागात पडतं.

कुकी आली कुठून, ते ऐका. 1994 साल. अमेरिकेत नेटस्केप नावाची कंपनी ब्राउझर, म्हणजे वेबसाईट उघडायचं सॉफ्टवेअर, बनवत होती. तेव्हाचं वेब भारी विसराळू. तुम्ही पान मागायचं, सर्व्हरने, म्हणजे साईट जिथे ठेवलेली असते त्या संगणकाने, ते द्यायचं आणि तुम्हाला साफ विसरायचं. दुकानाच्या साईटवर पिशवीत साडी टाकलीत, पुढचं पान उघडलंत, की पिशवी रिकामी. नेटस्केपची एक गिऱ्हाईक कंपनी होती, एमसीआय. तिला ऑनलाइन दुकान थाटायचं होतं, पण कोणाची खरेदी कुठवर आली याचा अर्धवट हिशेब स्वतःच्या सर्व्हरवर सांभाळायचा नव्हता. हे कोडं आलं लू माँटुली या विशीतल्या इंजिनिअरकडे. हाच तो गडी, ज्याने नेटस्केपच्या ऑफिसातल्या मासे पाळायच्या टाकीवर कॅमेरा लावून जगाला मासे दाखवले. असली माणसं ऑफिसात असावीत, कामं सुटतात.

सोपा उपाय समोरच होता. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा नंबर द्यायचा, आपल्या आधार क्रमांकासारखा. माँटुलीने तो नाकारला. का? तोच नंबर सगळ्या साईटना दिसला असता, आणि त्यांनी आपापसात जुळवून माणसाचा माग काढला असता. त्याने केलं ते वेगळंच, आणि ते समजायला नेटस्केपपर्यंत जायला नको, देवळापर्यंत गेलं तरी पुरे.

समजा, श्रावणी सोमवारी तुम्ही ठाण्यातल्या कोपिनेश्वराच्या देवळात गेलात. बाहेर चपला ठेवल्यात, चप्पलवाल्याने पत्र्याचा बिल्ला दिला, नंबर 417. त्याला तुमचा चेहरा आठवत नाही, नाव माहीत नाही. परत येऊन बिल्ला दाखवला की खण नंबर 417 मधल्या चपला पुढ्यात. कुकी म्हणजे हा बिल्ला. साईट देते, तुमचा ब्राउझर खिशात ठेवतो, आणि त्याच साईटवर परत गेलात की दाखवतो. दुसऱ्या साईटला तो दाखवत नाही. सहसा 4096 बाइटपर्यंतचा मजकूर, बस्स. बिल्ला आपणहून चालत नाही, तुमचे फोटो उघडत नाही, एसएमएस वाचत नाही. पुन्हा सांगते, कुकी हा नुसता मजकूर आहे, तो चालू होत नाही.

नाव मात्र वाईट पडलं. संगणकवाल्यांत अशा खुणेच्या मजकुराला ‘मॅजिक कुकी’ म्हणायची पद्धत होती, तेच चिकटलं. ‘बिल्ला’ म्हटलं असतं तर निम्मी भीती आधीच गेली असती. नेटस्केपने कुकीचा पहिला उपयोग केला तोही साधाच: आपल्या साईटवर आलेला माणूस आधी येऊन गेलाय का, एवढं बघायला. पण लोकांना कोणी सांगितलंच नाही. 12 फेब्रुवारी 1996 ला फायनान्शिअल टाइम्सने बातमी छापली, तेव्हा कळलं की आपल्या संगणकात कोणी बिल्ले ठेवतंय. मग बोंबाबोंब झाली, आणि अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगापुढे सुनावण्याही झाल्या.

आता गोष्टीतली गंमत. वेबपानावरची जाहिरात बहुधा त्या साईटची नसते, दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते. मग तो सर्व्हरही आपला बिल्ला देतो. म्हणजे समजा, कोपिनेश्वर, गावदेवी आणि वाशीतलं एखादं मंदिर, तिन्हीकडे चपलांचं कंत्राट एकाच माणसाकडे. त्याला तुमचं नाव कळत नाही, पण 417 नंबरवाला सोमवारी ठाण्यात होता आणि मंगळवारी वाशीत, हे कळतं. म्हणून एका साईटवर मिक्सर बघितलात की बातम्यांच्या साईटवरही मिक्सरच नाचतो. ‘मोबाईल चोरून ऐकतो’ म्हणण्याआधी हा कंत्राटदार आठवा. ज्याने माग काढता येऊ नये म्हणून डोकं लढवलं, त्याच्याच बिल्ल्याने माग निघाला.

माँटुलीपुढे प्रश्न आला: हे परके बिल्ले बंद करायचे का? त्याने केले नाहीत. त्याचं म्हणणं, हे बंद केलं तर जाहिरातवाले दुसरी चोरवाट काढतील, आणि ती वापरणाऱ्याच्या हातात नसेल. कुकी निदान दिसते आणि पुसता येते. पटो न पटो, चोरवाटा निघाल्याच. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, ब्राउझरची आवृत्ती जुळवून आता बिल्ल्याशिवायही माणूस ओळखतात.

गोष्टीत बराच वेळ गेला, आता भराभर सांगते. परक्या कुकीज ॲपलचा ब्राउझर सफारी 2020 पासून आपोआप अडवतो. फायरफॉक्स या ब्राउझरने 2022 मध्ये प्रत्येक साईटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. गूगलचा ब्राउझर क्रोम त्या बंद करणार, करणार म्हणत होता, 2024 मध्ये त्याने बेत बदलला. म्हणून क्रोममध्ये स्वतः करा: वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, थर्ड पार्टी कुकीज (म्हणजे याच परक्या कुकीज), ब्लॉक. सगळ्या कुकीज पुसायची गरज नाही. पुसल्या तर सगळ्या साईटवर नव्याने लॉगिन करावं लागेल, एवढंच.

आता स्पायवेअर. हा हेरगिरी करणारा प्रोग्रॅम असतो, चालतो, आणि बहुतेक वेळा आपणच आत घेतो. कुकी आणि स्पायवेअरची गल्लत व्हायला एक जुनं कारण आहे: 2000 च्या आसपासची स्पायवेअर शोधणारी सॉफ्टवेअर कुकीजही यादीत मोजायची. ‘शंभर धोके सापडले’ म्हणायचं, आणि त्यातले बरेचसे नुसते बिल्ले.

खरा धोका व्हॉट्सॲपवर येतो. लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, वीजबिल, असं काहीही नाव, पण फाईलच्या शेवटी डॉट एपीके. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे ॲप. उघडलंत की ते एसएमएसची परवानगी मागतं, ॲक्सेसिबिलिटी मागतं. कशाला? बँकेचा ओटीपी वाचायला आणि तुमच्या जागी बटणं दाबायला. बरं, फोनची भाषा मराठी ठेवायला लाजू नका. फोनवरचं मराठी कधीकधी भयंकर असतं, मान्य, पण परवानगीचा मजकूर वाचला तरी जातो.

असं ॲप घेतलंच गेलं तर कुकीज पुसून काही होत नाही. काहीही होत नाही. आधी एअरप्लेन मोड लावा, वायफायही बंद झालंय ना बघा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. मग सेफ मोड: बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण दाबून ‘पॉवर ऑफ’वर बोट धरून ठेवलं की विचारतो. त्यात बाहेरून घेतलेली ॲप चालत नाहीत. सेटिंग्ज, ॲप्स, पूर्ण यादी बघा. आयकॉन लपवलेलं ॲपही तिथे सापडतं. अनइन्स्टॉल दबत नसेल तर त्या ॲपने डिव्हाइस ॲडमिनचा हक्क घेतलाय, तो आधी काढा. शेवटी प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्टने स्कॅन करा.

‘तुमच्या फोनमध्ये पाच व्हायरस’ अशा सूचना क्रोमच्या नावाने येत असतील तर बहुधा व्हायरस नसतो. कुठल्या तरी साईटला तुम्ही नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते. क्रोमची साईट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, आणि अनोळखी नाव दिसलं की ब्लॉक. त्या सूचनेतलं ‘क्लीनर’ ॲप घेऊ नका.

कुकी आणि स्पायवेअर खरोखर भेटतात ते एकाच ठिकाणी. काही स्पायवेअर संगणकातल्या लॉगिनच्या कुकीजच चोरतं. चोराच्या हाती तुमचा बिल्ला लागला की त्याला पासवर्डही नको, ओटीपीही नको. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात लॉगिन करून तसेच उठलात, तरी बिल्ला त्यांच्या संगणकातच राहिला. अशा वेळी स्वच्छ फोनवरून पासवर्ड बदला आणि गूगल खात्याच्या सिक्युरिटीत ‘युअर डिव्हाइसेस’मध्ये जाऊन अनोळखी ठिकाणं साइन आउट करा. मग जुना बिल्ला चालत नाही.

आणि पैसे गेलेच असतील तर ते पुढच्या खात्यात सरकायच्या आत फोन करा. सायबर फसवणुकीच्या सरकारी मदतवाहिनीचा नंबर लिहून घ्या: 1930. एक, नऊ, तीन, शून्य. खात्यातून पैसे गेल्याचा बँकेचा एसएमएस समोर ठेवा, त्यातला व्यवहाराचा क्रमांक विचारतात. नमस्कार.