वाचायला काय देणार?

[दृश्य: कोल्हापूर, गंगावेश, संध्याकाळ. केएमटीचा, म्हणजे शहर बसचा थांबा.]

बस येऊन थांबते. पाटी समोरच आहे, तरी मावशी कंडक्टरलाच विचारतात, "रंकाळ्याला जाती का वो?" पन्नाशी उलटलेल्या या मावशी आयुष्यभर अशाच विचारत विचारत फिरल्या.

[दृश्य: तालमीचा जिना. खाली आखाड्याची लाल माती, वर ट्यूबलाइट लावलेली खोली.]

रात्रीचे आठ. भांडी आवरून मावशी आणि इतर बायका वाचायला शिकायला येतात. पहिल्या आठवड्यात त्यांच्या हातात पहिलीची पुस्तकं पडली. कमळ, बदक, ससा. एका आजींनी पुस्तक मिटून ठेवलं. "हे नातवाचं हाय. मला कशाला?"

आजींचं बरोबर होतं. त्या भिशी चालवतात, वीस जणींचा हिशेब तोंडावर ठेवतात. त्यांना सशाचं शेपूट किती कौतुकाचं वाटणार?

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्याच शहरातल्या या खोलीत आज बायका पाटी घेऊन बसतात. आता 'उल्लास' नावाचा केंद्राचा कार्यक्रम आहे, पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी, २०२२ ते २०२७. अक्षरओळख होते, परीक्षाही होते. पण त्यानंतर वाचायचं काय? वाचनालयात बालविभागात परीकथा, मोठ्यांच्या कपाटात तीनशे पानी कादंबऱ्या. मधली पायरीच सापडत नाही.

शिकवणाऱ्या बाईंनी ती पायरी गावातच शोधली.

[दृश्य: फळा. खडूनं लिहिलेले शब्द.]

रंकाळा. अंबाबाई. पंचगंगा. मिसळ. गूळ. तालीम. खासबाग. तांबडा, पांढरा.

नीट बघा, यात एकही जोडाक्षर नाही. अनुस्वार, काना, वेलांटी आणि उकार जमला की हे सगळं वाचता येतं. 'महालक्ष्मी'त मात्र क्ष आणि म एकमेकांत अडकून बसलेत, म्हणून ती नंतर. आधी अंबाबाई. 'कोल्हापूर'मधल्या 'ल्हा'लाही थोडं थांबावं लागलं. आपल्याच गावाचं नाव शेवटी वाचायला मिळालं, यावर बायका खूप हसल्या.

मग आला जुलै.

[दृश्य: पंचगंगा, गढूळ पाणी. राजाराम बंधारा.]

पावसाळ्यात कोल्हापुरात सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा असतो: राजाराम बंधाऱ्याची पाणी पातळी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ चा पूर यातल्या काही जणींच्या उंबऱ्याच्या आत येऊन गेलाय. त्या आठवड्यात बाईंनी धडा ठेवून दिला आणि रोज चार ओळी मोठ्या अक्षरात लिहून आणल्या. राजाराम बंधारा. पाणी पातळी. किती फूट. पाणी वाढतंय का उतरतंय. उशीर कुणी केला नाही. एक शब्द अडला, तर तिघी पुढं वाकायच्या.

ओव्याही आणल्या. जात्यावरच्या ओव्या पाठ असतात, त्यामुळं डोळा पुढच्या शब्दाचा अंदाज बांधत पळतो आणि धीर येतो. यात एक फसगतही आहे. ओळीवर बोट फिरतं आणि तोंड आठवणीतलं म्हणत राहतं. म्हणून बाई मधलाच एखादा शब्द झाकतात, नाहीतर ओळींची जागा बदलतात. मग खरं काय ते कळतं.

पण सगळ्यात रंगतात त्या त्यांच्या स्वतःच्या गोष्टी. एकीनं सांगायचं, बाईंनी लिहून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी तिनंच वाचायचं. पुराच्या रात्री म्हैस कशी सोडवली. सासूनं पहिल्यांदा मटणाला हात लावू दिला तो दिवस. छपाई नाही, चित्र नाही, वहीचं एक पान. माझ्या मते या खोलीतलं सगळ्यात चांगलं पुस्तक तेच.

[दृश्य: वहीचं पान, जवळून. सरकणारं बोट.]

काल मावशींनी म्हशीची गोष्ट सांगितली होती. आज पान समोर आहे. बोट एकेका अक्षरावर थांबत जातं.

"रात... झाली. पाणी... दारात आलं. मी... गोठ्यात..."

बोट थांबतं. मावशी चष्मा वर सारून पान जवळ घेतात, पुन्हा बघतात.

"बाई, हितं 'गेले' लिवलंय. मी 'गेलो' म्हणलो होतो."

बाई खोडरबर शोधतात.